वरच्या ओळीतला फिटर

हॅम्बुर्ग बंदरातून कोणती बोट कधी सुटली, तिच्यात सुतार किती होते, लोहार किती होते, आणि त्यातल्या किती जणांनी इंग्लंडात हलच्या धक्क्यावर उतरून पुढची बोट पकडली, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल असा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. खुद्द जर्मनीत तरी असे कितीसे असतील? साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय एकोणऐंशी, मुक्काम दारव्हा, अंगकाठी बारीक, डोळे मांजरासारखे घारे, आणि आवाज असा की स्टँडवर उभं राहून त्यांनी "कारंजा, कारंजा" म्हटलं की कारंज्याला न जाणारी माणसंही दोन पावलं पुढे येत. अख्खी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. निवृत्तीनंतर लोक वावरात रमतात, भजनात रमतात. हे शंभरावर वर्षांपूर्वी जर्मनी सोडून गेलेल्या माणसांच्या याद्यांत रमले. लोक त्यांना हसतात. मीही हसलो आहे, चारचौघांत मोठ्यांदा हसलो आहे. पण मला तो हक्क नव्हता. त्यांना या बोटीत बसवून दिलं ते मी, आणि तेही चुकीच्या बोटीत. ही गोष्ट मी बावीस वर्षं पोटात ठेवली. आता जशी घडली तशी लिहून ठेवतो. माझी बाजू मांडण्यासाठी नाही. मला बाजूच नाही.

नोकरी सुटली तरी साडभाऊंच्या अंगातला कंडक्टर सुटला नाही. लग्नाच्या मांडवात शिरले की ते नवरानवरीकडे पाहत नाहीत. पंगतीवर नजर फिरवून "सत्तेचाळीस बसेल, आठ उभे" असं पुटपुटतात. घरी पाहुणे आले की स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात, "किती सिटा जेवाच्या हायेत?" कोणी वारल्याचा निरोप आला तर पायात चप्पल सरकवत म्हणतात, "उतरले बिचारे." फेरी संपली की कंडक्टरला वे-बिल भरावं लागतं, म्हणजे कुठल्या थांब्यावर किती चढले आणि किती उतरले त्याचा कागद. या कागदावर साडभाऊंची जेवढी श्रद्धा, तेवढी देवावर असेल असं वाटत नाही. "जो चढला तो कोठी ना कोठी उतरलाच पाह्यजे," असं ते बजावून सांगतात. एकदा दिग्रसच्या गाडीत एक माणूस कमी भरला, तर त्यांनी गाडी स्टँडवर अडवून धरली आणि प्रत्येक सीटखाली वाकून पाहिलं. प्रवासी शिव्या घालत होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तो माणूस आधीच्या थांब्यावर लघवीला उतरला होता आणि गाडी त्याला टाकून आली होती. साडभाऊंनी त्याच्या पिशवीसह एक चिठ्ठी उलट जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे पाठवली, तेव्हा कुठे ते पाणी प्यायले.

अशा माणसाच्या स्वतःच्या घराण्यात मात्र एक माणूस जुळत नव्हता. पितृपक्षात बाप, आजा आणि पणजा अशी तीन नावं घेऊन पाणी सोडतात. साडभाऊंचे वडील जन्मभर आपल्या आजाचं नाव कागदोपत्री होतं ते घेत आले. जाण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मुलाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "माह्या आजाचं नाव बराबर नाही. पानी दुसऱ्याले जाते. खऱ्याचं नाव शोध आन त्याले दे." हकिगत अशी होती की साडभाऊंची पणजी लहान वयात विधवा झाली आणि दारव्ह्याच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जाऊ लागली. त्या जिनाची यंत्रं बसवायला एक जर्मन फिटर आला होता. तो राहिला. पुढे पणजीला मुलगा झाला, घाऱ्या डोळ्यांचा, भुऱ्या केसांचा. पण त्याच्यामागे नाव लागलं ते पाच वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचं. त्या मुलाला, म्हणजे साडभाऊंच्या आजोबांना, कोणी बापाचं नाव विचारलं तर ते उठून वावरात निघून जात. घरात आणि गावात सगळे त्या माणसाला 'फिटरसाहेब' म्हणत, म्हणून पुढे तेवढंच उरलं. दुसरा कोणी असता तर त्यानं या गोष्टीवर आणखी एक गोधडी टाकली असती. साडभाऊंनी वडिलांचं तेरावं आटोपताच ती दारव्ह्याच्या आठवडी बाजारात सांगितली. चुलतभाऊ भांडायला आले. "घराण्याची इज्जत काहून मातीत घालून राह्यले?" साडभाऊ म्हणाले, "मानूस उतरून पाच वर्सं झाल्यावर त्याच्या नावानं तिकीट फाडता येते काय? मेळ बसला पाह्यजे." चुलतभावांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

आणि इथे मी येतो. मी तेव्हा एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात नकला देण्याच्या कामावर होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कचेरीचा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या वेळी जिल्ह्यातल्या जर्मन माणसांची एक नोंदवही तयार झाली होती: नाव, जन्मगाव, धंदा, कोणत्या बंदरातून निघाला, सध्या कुठे राहतो. अशी वही असल्याचं बोलता बोलता मीच साडभाऊंना सांगून बसलो. मग दर गुरुवारी, त्यांच्या सुटीच्या दिवशी, ते सकाळच्या गाडीनं यवतमाळला येत, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईंनी, दिलेला डबा माझ्या टेबलावर उघडत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हे माहे साडभाऊ. मले पंजोबा काढून देऊन राह्यले." सहकारी मला 'जर्मनचा साडू' म्हणू लागले. चहा ठेवताना शिपाईसुद्धा हसायचा. साहेबांनी एकदा चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुमच्या नातेवाइकांचं काम अजून किती दिवस चालणार आहे?" शेवटी वही सापडली. दारव्ह्याची ओळही सापडली. पण तिच्यावरून उधई, म्हणजे वाळवी, गेली होती. 'फिटर' आणि 'दारव्हा' एवढे दोन शब्द शिल्लक होते. बाकी सगळ्या रकान्यांच्या जागी भोक. खालची ओळ मात्र धडधाकट होती: आउगुस्ट रीमर, वणीच्या कापूस-प्रेसवरचा मिस्त्री, गावाचं नाव, बंदर हॅम्बुर्ग.

नकलेचा नियम अगदी साधा असतो. दिसेल ते लिहायचं. दिसणार नाही तिथे 'कीडग्रस्त, वाचता येत नाही' असं लिहायचं. मग एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं, आणि दोघांनी सह्या करायच्या. याला रुजवात म्हणतात. सर्वपित्री अमावास्या चार दिवसांवर आली होती. साडभाऊ समोरच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि माझ्या लेखणीकडे पाहत होते. मी खालच्या ओळीतलं नाव, गाव आणि बंदर उचललं आणि वरच्या ओळीतल्या फिटरला लावून दिलं. रुजवातीचा जोडीदार चहाला गेला होता; मीच वाचलं आणि मीच बोट फिरवलं. त्यानं आल्यावर न पाहता सही केली. मी हे माणुसकीपोटी केलं असं स्वतःला कितीतरी वर्षं समजावत आलो. खरं म्हणजे मला त्यांना एकदाचं परतीच्या गाडीत बसवायचं होतं. साडभाऊंनी नक्कल कपाळाला लावली, आणि तिथेच फायलींच्या रॅकसमोर माझ्या पाया पडायला वाकले. माझ्याहून चार वर्षांनी मोठा माणूस. सगळा कक्ष हसला, आणि मीही त्यात हसलो.

मला वाटलं, नाव मिळालं, आता पाणी सोडतील आणि विषय संपेल. पण ते नाव मी कंडक्टरच्या हाती दिलं होतं. "कोठून चढले ते समजलं," ते म्हणाले, "आता संगं कोन कोन चढलं ते पाहू." दारव्ह्याच्या स्टँडजवळ एक कॉम्प्युटर सेंटर आहे, तिथे लोक दाखले काढायला येतात. निवृत्तीनंतर तिथे साडभाऊंची एक खुर्ची ठरून गेली. हॅम्बुर्गच्या लोकांनी बोटीत चढणाऱ्या माणसांच्या याद्या करून ठेवल्या आहेत आणि त्या आता पडद्यावर पाहता येतात, हे कळलं तेव्हा त्यांनी मला भर दुपारी फोन केला. "साडभाऊ, थेट जानाऱ्याइचं वे-बिल अलग, आन बदलीवाल्याइचं अलग! हलले उतरा, दुसरी बोट पकडा! मानसं होती का देव होते?" ब्रेमेन बंदरातल्या जुन्या याद्या मात्र तिथल्या कारकुनांनी जागा नाही म्हणून नष्ट केल्या, हे वाचल्यावर पुन्हा फोन आला आणि त्यांनी मला अर्धा तास झापलं, कारण त्यांच्या ओळखीचा रेकॉर्डवाला मी एकटाच. "तुमी रेकॉर्डवाले सारे सारखेच! तुमाले कागद म्हंजे रद्दी!" मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जुनं जर्मन हस्ताक्षर करवतीच्या दातांसारखं असतं, सगळी अक्षरं एकाच उंचीची. ते साडभाऊ साठीनंतर शिकले. सरावासाठी किराण्याची यादी त्या अक्षरात लिहू लागले. वाणी कागद उलटासुलटा करून पाही आणि ताईंना फोन लावी. ताई यादी तोंडी सांगत. "तुमचा जर्मन गेला उडत, पहिले दळन आना," हे ताईंचं वाक्य त्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ झालं होतं. दूधवाल्याला रोज सकाळी "गूटन मॉर्गन" ऐकावं लागे, आणि तोही बिचारा "गूटन बाप्पा, गूटन" म्हणून माप घाली. रीमर यादीत सापडला, बावीस वर्षांचा, अविवाहित, हलला बदली. मग साडभाऊंनी त्याच्या गावच्या चर्चला आणि तिकडच्या दप्तरखान्याला पत्रं घातली. त्या काळी देश सोडायचा तर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागे. त्या अर्जाचा फोटो आला. कारकुनानं विचारलं होतं, मागे कोण राहतं? उत्तर होतं, आई. तो फोटो दाखवायला साडभाऊ खास यवतमाळला आले. दारातच म्हणाले, "बुढी एकटी होती हो," आणि ओट्यावर बसून पोरासारखे रडले. मी आत जाऊन पाण्याचा ग्लास आणला आणि तो हातात धरून उभाच राहिलो. त्या वर्षापासून ते तिलाही पाणी देऊ लागले.

त्या घरचा पितृपक्ष पाहण्यासारखा असे. पहिल्या वर्षी गुरुजींनी विचारलं होतं, "जर्मनाचं गोत्र काय लावू?" ज्याचं ठाऊक नाही त्याचं काश्यप, या सोयीनं रीमर काश्यपगोत्री झाला. पानावर वडे, खीर आणि कढी यांच्या जोडीला उकडलेला आलू ठेवायची पद्धत साडभाऊंनी पाडली. "लहानपनी हेच खाल्लं असंल त्यायनं." ताई म्हणत, "ह्या मानसापायी पित्तराइले उपास घडून राह्यला." एका वर्षी कावळा आला, त्यानं वडा पाहिला, खीर पाहिली, आणि सरळ आलूत चोच घातली. साडभाऊ मला गदागदा हलवत ओरडले, "ओयखलं! साडभाऊ, ओयखलं त्यायनं!" गच्चीवरची सगळी माणसं हसत होती. तो कावळा कोणाचा होता? आणि ज्याच्यासाठी एका मरणाऱ्या बापानं मुलाकडून शब्द घेतला होता, तो खरा फिटर कुठल्या कठड्यावर ताटकळत बसला होता? माझा या गोष्टींवर विश्वास आहे की नाही हा प्रश्नच नाही. साडभाऊंचा आहे.

सांगायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. एकदा त्यांना कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला घेऊन गेलो. वाटलं, पायऱ्या उतरून देवासमोर उभं राहिलं की तोंडातून खरं निघेल. मी "साडभाऊ" एवढं म्हटलं असेल नसेल, तोच त्यांनी डोळे मिटले आणि स्टँडवरच्या आवाजात देवाला सांगितलं, "देवा, मले माह्या चुलतभावाइनं टाकलं, पन ह्या साडभावानं माहा पंजोबा मले आनून देला. ह्याले सुखी ठेव." पुजाऱ्यासकट सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहू लागले. मी नारळ वाढवला आणि वर आलो. येताना गाडीत साडभाऊंनी खिडकीची जागा मला दिली.

यंदाच्या उन्हाळ्यात गोष्ट हाताबाहेर गेली. रीमरच्या चुलतभावाच्या वंशातल्या एक बाई साडभाऊंना पत्रापत्रीत सापडल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या आसपास. मोबाइल दोघांचं भाषांतर करून देई. त्या यांना 'भारतातले भाऊ' म्हणत आणि हे त्यांना 'बाईसाहेब'. बाईंनी कळवलं की येत्या पितृपक्षात त्या भाच्याला घेऊन दारव्ह्याला येणार, आणि त्या एकट्या राहिलेल्या आईच्या थडग्यावरची मूठभर माती सोबत आणणार. विमानाची तिकिटं येत्या सोमवारी काढायची होती. साडभाऊंनी घराला रंग काढला. चुलतभावांना इतक्या वर्षांनी निरोप धाडला की या आणि आपल्या रक्ताची बाई डोळ्यांनी पाहा. आणि आश्चर्य म्हणजे ते यायला तयार झाले. हे सगळं फोनवर ऐकून मी जेवत्या ताटावरून उठलो. बायकोनं कारण विचारलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाला तरी सांगितलं. ती हातातली पोळी तशीच धरून बसली. मग म्हणाली, "ती म्हातारी बाई एवढ्या दुरून माती घेऊन येईन. ते तुमी कोनाच्या दारात टाकाले लावता? सोमवारच्या आत सांगा. नाही तं मी ताईले सांगते." तो शनिवार होता.

रविवारी पहिल्या गाडीनं निघालो. वाक्य जुळवत होतो. लाडखेड मागे पडलं तरी पहिलंच वाक्य जुळेना. घरी पोचलो तर साडभाऊ खुर्चीवर चढून दाराच्या चौकटीवर पाटी ठोकत होते. पाटीवर त्यांच्या हातचं, करवतीच्या दातांचं, जर्मन स्वागत. ताई खालून खुर्ची धरून ओरडत होत्या, "उतरा म्हनते ना! हाडं मोडली तं तुमचा जर्मन येनार नाही पट्टी बांधाले."

"या या, साडभाऊ! बरं झालं आले. पाटी सरळ हाय काय पाहा."

"खाली उतरा. बोलायचं आहे."

"बोला ना. कान चालू हायेत माहे."

"उतरा!" मी ओरडलो. मी त्यांच्यावर कधीच ओरडलो नव्हतो. ते हातोडी घेऊन तसेच उतरले.

मी सांगितलं. उधई, भोक, खालची ओळ, एकट्यानं केलेली रुजवात. तीन वाक्यांचं काम होतं, पण मला वाटतं मी बराच वेळ बोलत होतो. माझं संपल्यावर साडभाऊ म्हणाले, "वरच्या ओळीत काय होतं?"

"फिटर. आणि दारव्हा."

"अजून?"

"काही नाही."

"एखादं अक्षर?"

"नाही."

"बंदर?"

"भोक होतं, साडभाऊ."

ते हातोडीकडे पाहत राहिले. "बापानं सांगतलं होतं, पानी दुसऱ्याले जाते. मी म्हटलं होतं, तुमी निजा, मी पाहतो." मग म्हणाले, "बावीस वर्सं झाली." त्यांचा तो स्टँडभर पोचणारा आवाज मला दोन हातांवरून नीट ऐकू येत नव्हता. ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, एवढ्या पोळ्या खाल्ल्या तुमी ह्या घरी. एकही घशात अटकली नाही काय?" साडभाऊ आत गेले आणि नक्कल घेऊन आले. तिच्यावर त्यांनी प्लास्टिकचं आवरण चढवून घेतलं होतं. ती माझ्या हातात देत म्हणाले, "हे वापस घ्या. मले खरी आनून द्या. जशी हाय तशी." मग मोबाइल डोळ्यांजवळ धरून, एका बोटानं, बाईंना तिकीट काढू नका म्हणून लिहायला बसले. मी निघालो तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

निवृत्त माणसानं करतात तसा मी रीतसर अर्ज केला आणि नक्कल काढली. फिटर, दारव्हा, आणि बाकीच्या रकान्यांत 'कीडग्रस्त, वाचता येत नाही'. ती घेऊन गेलो, तर त्यांनी दारातच घेतली. बसा म्हणाले नाहीत. चुलतभाऊ गावभर सांगत होते, "आमी म्हनतच होतो!" स्टँडवरचे जीपवाले विचारत, "काय जर्मन, बोट बुडाली काय?" एरवी ज्यानं त्यांना दोन तास हिशेब ऐकवला असता तो माणूस खाली मान घालून पुढे जाई. कॉम्प्युटर सेंटरवरची खुर्ची रिकामी राहिली. ताई फोनवर माझ्या बायकोला सांगत, "बोलतच नाही वं. मी म्हटलं, जर्मन काढा, काहीबी काढा, पन बोला." हे फोन मी शेजारच्या खोलीतून ऐकत असे. बाईंचं उत्तर अकरा दिवस आलं नाही. आलं त्यात आधी राग होता. त्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं, त्यांची फजिती झाली होती. शेवटी मात्र लिहिलं होतं की रीमरच्या त्या म्हाताऱ्या आईची आठवण आमच्या घरात कोणीच ठेवली नव्हती, तुम्ही परके निघालात तरी तिचं पाणी बंद करू नका.

त्यानंतर दोन दिवसांनी मला फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "साडभाऊ, तुमचं अक्षर चांगलं हाय ना अजून? या." गेलो. त्यांनी एक विचार केला होता. नाव गेलं, पण धंदा तर उरला होता. आजोबांच्या जन्माआधीच्या वर्षांत हॅम्बुर्गहून हिंदुस्थानाकडे निघालेले जेवढे फिटर यादीत असतील तेवढे सगळे काढायचे. "एक तरी आपला असंल."

मी म्हणालो, "तो ब्रेमेनहून निघाला असेल तर? तिकडच्या याद्याच नाहीत."

"तं नसंल," ते म्हणाले. "पन हे तरी कोनाचे असतीनच ना. त्याइले कोनी पानी देलं काय?"

सगळा पावसाळा आम्ही त्या सेंटरवर बसलो. ते पडद्यावरची अक्षरं वाचत आणि मी वहीत मराठीत उतरून घेई. कामापुरतं बोलत. माझं लिहून झालं की वही ओढून घेत आणि प्रत्येक नाव पडद्याशी ताडून पाहत, कधी दोनदा. एका ओळीत फिटर होता, वय होतं, पण नावावर शाई सांडलेली होती. साडभाऊंनी ते अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं, शेवटी सगळा पडदा काळा झाला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय लिवता?" मी लिहिलं, 'वाचता येत नाही'. त्यांनी वाचलं. बाहेर डोकावून चहा सांगितला, दोन.

यंदाच्या सर्वपित्रीला आम्ही अडाण नदीवर गेलो. गुरुजींनी वही पाहून कपाळाला हात लावला. "सदतीस? अहो, दिवस मावळेल." सगळ्यांचं गोत्र एकच धरायचं ठरलं तेव्हा ते तयार झाले. साडभाऊ गुडघाभर पाण्यात उभे राहिले. बापाला दिलं, आजाला दिलं, त्या म्हातारीला दिलं. मग मला म्हणाले, "वाचा." मी दगडावर उभा राहून एकेक नाव वाचत गेलो आणि ते एकेक ओंजळ सोडत गेले. विसाव्या नावापाशी ते दम घ्यायला थांबले. ताई काठावरून म्हणाल्या, "बाकीच्याइले एकदमच देऊन टाका ना." ते म्हणाले, "नाही. एक सीट, एक तिकीट." मग शाई सांडलेल्या ओळीशी आलो. मी लिहिलं होतं तेच वाचलं, "वाचता येत नाही." गुरुजींनी वर पाहिलं. साडभाऊंनी ओंजळ काठोकाठ भरली आणि ती सगळ्यांत सावकाश सोडली.

परत निघताना मी विचारलं, "फिटरसाहेबांना पोचलं असेल का?"

ते ओल्या धोतराचा सोगा पिळत होते. "अडानची पैनगंगेले बदली, पैनगंगेची वर्धेले, तिथून पुढं गोदावरी, मंग समुद्र. बदल्या लई हायेत, साडभाऊ. टाइम लागते."

त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. काठ चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधाराला. त्या हाताला वजन असं काही उरलेलंच नव्हतं. मी जरा हळू चालू लागलो.